फुसका बार

लेखमाला : दारू आणि ठिणगी – लेखांक ६

दिवाळीत वात पेटते, सगळे कानांवर हात ठेवून लांब उभे राहतात आणि सुतळी बॉम्ब नुसताच फुस्स करून विझतो. ‘फुसका बार’ म्हणत मंडळी हसतात. मराठीत या शब्दाची जागा चेष्टेत आहे. पण घरी स्वतःची काडतुसं भरणाऱ्या माणसाला नेमक्या याच आवाजाची सगळ्यांत जास्त धास्ती वाटायला हवी.

अमेरिकेत असे लोक पुष्कळ आहेत. गॅरेजच्या कोपऱ्यात एक भक्कम बाक, त्याला बोल्टने कसलेलं हाताचं दाबयंत्र, बाजूला तराजू आणि दारूचे डबे. तिथल्या कायद्यानुसार स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरता येतात. विकतच्यापेक्षा ती स्वस्त पडतात आणि आपल्या बंदुकीला मानवेल तसा बार बसवता येतो. काडतुसाचे भाग चार : पितळी पुंगळी, तिच्या बुडातली प्रायमरची टोपी, आतली दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. बार उडाला की टोपी, दारू आणि गोळी संपतात. पुंगळी मात्र उरते. ती साफ करायची, दाबून पुन्हा मापात आणायची, नवी टोपी बसवायची, दारू मोजून ओतायची, वर गोळी. हे काम शांत डोक्याच्या माणसाला आवडेल असंच आहे.

आता शंभर पुंगळ्यांत एकीत दारू पडायची राहिली, असं समजा. बाहेरून ते काडतूस इतरांसारखंच दिसतं. चाप ओढला की टोपी फुटते, पण तिचा जोर एवढाच, की गोळी नळीत काही इंच सरकते आणि तिथेच रुतून बसते. आवाज नेहमीच्या धडाक्याऐवजी फट्ट असा. नेमबाज घाईत असेल, कानांवर आवाजरोधक असतील, तर त्याला एवढंच वाटतं की बार जरा हलका गेला. तो पुन्हा चाप ओढतो. दुसरी गोळी अडकलेल्या गोळीवर आदळते. नळी फुगते किंवा फाटते.

अडकलेल्या गोळीने घेतलेला सर्वांत परिचित बळी म्हणजे सिनेनट ब्रूस ली याचा नट मुलगा ब्रँडन. मार्च १९९३ मध्ये अमेरिकेतल्या विल्मिंग्टन इथे ‘द क्रो’ या सिनेमाचं चित्रीकरण चालू होतं. जवळून घ्यायच्या एका दृश्यात रिव्हॉल्व्हरमधली काडतुसं खरी दिसायला हवी होती. म्हणून खऱ्या काडतुसांच्या गोळ्या काढल्या गेल्या, दारू ओतून टाकली गेली आणि गोळ्या परत बसवल्या गेल्या. टोप्या मात्र जिवंतच राहिल्या. पुढे कधीतरी चाप ओढला गेला, एक गोळी नळीत शिरून अडकली, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. नंतरच्या दृश्यासाठी त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी नसलेलं, नुसता आवाज आणि जाळ काढणारं काडतूस घातलं गेलं. त्यातल्या दारूने अडकलेली गोळी बाहेर ढकलली आणि ती ब्रँडनला लागली. ३१ मार्चला ब्रँडन ली गेला, वय २८. काडतूस उघडून पुन्हा बंद करण्याच्या कामातली एक पायरी सुटली होती. ती सुटली तेव्हा काहीच घडलं नाही, हेच या अपघाताचं सगळ्यांत भीषण अंग आहे.

दारू कमी पडली तर असं. दुप्पट पडली तर?

याचं उत्तर पुंगळीच्या आकारात आहे. ‘.३८ स्पेशल’ हे काडतूस १८९८चं. त्याची पुंगळी जुन्या काळ्या दारूसाठी बेतलेली, सुमारे २१ ग्रेन मावेल एवढी. (७,००० ग्रेन म्हणजे एक पौंड.) आजची बिनधुराची दारू कितीतरी जोरकस. निशाणेबाजीच्या हलक्या बाराला तिचे जेमतेम तीन ग्रेन, म्हणजे ग्रॅमचा पाचवा हिस्सा पुरतो. तेवढी चिमूट लांबुळक्या पुंगळीच्या तळाशी पडून राहते आणि दुसरी चिमूट वर पडली तरी सांडत नाही. या काडतुसाला ठरवून दिलेली दाबाची मर्यादा चौरस इंचाला १७,००० पौंड आहे. मोटारीच्या टायरमध्ये साधारण ३० ते ३५ असतो. शिवाय दारू दुप्पट झाली की दाब दुपटीवर थांबत नाही. दारू जितक्या कोंडलेल्या जागेत जळते तितकी ती वेगाने जळते, आणि रिव्हॉल्व्हरचं चक्र फुटून वरची पट्टी उडते.

हे घडतं कसं? बहुतेक वेळा फोन वाजतो. किंवा घरातून हाक येते, माणूस उठतो, परत बसतो आणि मघाची पुंगळी भरली होती की नाही हे आठवत नाही. अमेरिकी यादवी युद्धातल्या १८६३च्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून गोळा केलेल्या २७ हजारांहून अधिक बंदुकांपैकी सुमारे २४ हजार भरलेल्या होत्या आणि त्यांतल्या निम्म्यांत दोन-दोन बार ठासलेले होते, अशी नोंद आहे. तिथे तोफांचा गदारोळ होता, इथे फोनची घंटा. हातातल्या कामावरून लक्ष उडायला दोन्ही पुरेशी. कोकणात ज्यांच्या घरी ठासणीची बंदूक आहे, त्यांना दुहेरी बाराची भीती वेगळी समजावून सांगायला नको. काडतुसं घरी भरणं मात्र आपल्याकडे परवान्याशिवाय करता येत नाही. १९५९चा शस्त्र कायदा त्याआड येतो.

अनुभवी माणसं चुकलेल्या मापावर एक साधा उपाय करतात. भोकं पाडलेल्या लाकडी ठोकळ्यात पन्नास पुंगळ्या उभ्या करायच्या आणि गोळ्या बसवण्याआधी विजेरी धरून प्रत्येकीत डोकवायचं. एखादीतली पातळी वरखाली असेल तर ती डोळ्याला खटकते. बाकावर एका वेळी दारूचा एकच डबा, हा दुसरा दंडक. त्यामागेही कारण आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन यांनी लष्कराची उरलेली दारू नागरिकांना विकायला सुरुवात केली. त्यांतली एक ‘४८३१’. पुढे ड्यूपाँ कंपनीने त्याच आकड्याची दारू आणली आणि ती हॉजडनच्या दारूपेक्षा वेगाने जळणारी निघाली. आकडा तोच, स्वभाव वेगळा. हॉजडनच्या दारूसाठी छापलेलं कमाल माप ड्यूपाँच्या दारूला लावलं तर दाब मर्यादेबाहेर जातो.

साठवणीचा मामला थोडक्यात असा. उघड्यावर बिनधुराची दारू भडकते, पण ती स्फोट पावत नाही. कोंडली की बॉम्ब होते. म्हणूनच अमेरिकेच्या अग्निसुरक्षा संहितेत घरातली दारू वीस पौंडांपर्यंत मूळ डब्यांत आणि त्याहून जास्त, पन्नास पौंडांपर्यंत, लाकडी पेटीत ठेवायला सांगितलं आहे. आगीत लाकूड वेळीच सुटतं. जाड लोखंड तग धरतं आणि तेवढ्या वेळात दाब चढत जातो. टोप्यांचं उलट. त्या मूळ खोक्यातल्या वेगवेगळ्या खाचांतच हव्यात. बरणीत एकत्र ओतल्या तर एक फुटली की सगळ्या एका क्षणात फुटतात, आणि बरणीच्या काचांचे छर्रे होतात.

ज्या अपघाताला आवाजच नाही, तो सर्वांत उशिरा कळतो. बहुतेक टोप्यांमधल्या मिश्रणात शिशाचं संयुग असतं. वापरलेल्या पुंगळ्या साफ करायला घोळणीयंत्रात मक्याच्या कणसांच्या भरडीबरोबर घोळतात, तेव्हा ते काळ्या धुळीच्या रूपाने सुटतं. धूळ हातावर, शर्टावर, गालिच्यावर बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या तोंडात जाते. लहान मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम शिसं आढळलं की अमेरिकेतली आरोग्ययंत्रणा दखल घेते. २०२१पर्यंत हा आकडा ५ होता. शिशाने मुलाचं शिकणं मंदावतं, आणि घरच्यांना कित्येक महिने वाटत राहतं की त्याचं अभ्यासात लक्ष नाही. म्हणून जाणते लोक घोळणीयंत्र घराबाहेर चालवतात, किंवा पुंगळ्या पाण्यात घोळून धूळ उठूच देत नाहीत. बाकावर चहासुद्धा पीत नाहीत, फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसतात, आणि घरात येताना बूट गॅरेजातच काढून ठेवतात.