नाचता येईना, नेल डोंकु

जयसिंगपूरच्या आठवडी बाजारात भाजीवाल्या मावशींचं वजन तिसऱ्यांदा चुकलं. दोष अर्थात काट्याला! शेजारची बाई हसून कन्नडमध्ये म्हणाली, "कुणियलु बारदवळु नेल डोंकु एंदळंते."

गिऱ्हाईक होता म्हणी गोळा करणारा एक हौशी माणूस. पिशवी तिथंच टेकवून त्यानं अर्थ विचारला. जिला नाचता येत नाही, ती म्हणे जमीनच वाकडी! आपलं 'नाचता येईना अंगण वाकडे'च की. फक्त अंगणाची जमीन झाली.

याच अर्थाच्या इंग्रजी म्हणीत नाच नाही. तिथं वाईट कारागीर हत्यारांना नावं ठेवतो.

जयसिंगपूर ज्यात येतं त्या, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात कन्नड अनेक घरांत ऐकू येते, त्यामुळे अशा जोड्या इथं शोधाव्या लागत नाहीत. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' म्हणजे 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु', जवळजवळ शब्दाला शब्द. इंग्रज मात्र कापड बघून कोट बेततो. थंड मुलुख, दुसरं काय!

गाढवाचं पाहा. मराठीत त्याला गुळाची चव कळत नाही, कन्नडमध्ये कस्तुरीचा सुवास. इंग्रजीत गाढव जाऊन डुक्कर येतं, पुढ्यात मोती. कोल्हापूरकरांचं मत अर्थातच गुळाला.

खोलात जायचं असेल, तर आल्फ्रेड मॅनवारिंग या मिशनऱ्याचा मराठी म्हणींचा इंग्रजी संग्रह १८९९चा आहे. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' १९४० च्या दशकातला.

तुमच्या आजीची एखादी कन्नड म्हण आठवते? अर्थासकट जरूर कळवा.