तसं दुखत नव्हतं

दाढ दिवसा नुसती कुरकुरते. ठणकते ती रात्री, पाठ टेकल्यावर. दाताच्या आत मऊ गर असतो. त्यात बारीक रक्तवाहिन्या आणि नस. कीड तिथवर पोचली की गर सुजू पाहतो, पण चहूबाजूंनी टणक भिंती, सुजायला जागाच नाही. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि तो सगळा त्या नसेवर येतो. म्हणून दातांच्या दवाखान्यात सकाळी पहिल्या बाकावर बसलेली माणसं बहुतेक रात्रभर जागलेली असतात. गालावर हात, डोळे तांबारलेले, दाढेखाली लवंग. कुणी दाढेच्या खड्ड्यात तंबाखूची चिमूट भरून आलेला, कुणी डोकेदुखीची गोळी तिथेच दाबून धरलेला. त्या गोळीने ठणका थांबत नाही, हिरडी मात्र भाजून पांढरी पडते.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझ्या मैत्रिणीची सून असा दवाखाना चालवते. तिची परवानगी घेऊन, आणि पेशंटची हरकत नसेल तेव्हा, खुर्चीच्या मागे स्टूल टाकून मी तिचं काम बघत बसायचे. सगळ्यात गर्दी बाजाराच्या दिवशी. खेड्यावरची माणसं बियाणं, किराणा आणि दाढ ही कामं एकाच फेरीत उरकतात.

"काका, कधीपासून दुखतंय?"

"काल रात्रीपासनं. लई ठणकतंय बघा मॅडम."

"आणि त्याच्या आधी?"

"आधी गार पाणी लागायचं, दिवाळीपासनं. पण तसं दुखत नव्हतं."

"हे 'तसं दुखत नव्हतं' केसपेपरवर छापूनच घेणार आहे मी," ती हातमोजे चढवताना माझ्याकडे वळून म्हणाली. "लिहून लिहून कंटाळा आला, मावशी."

दुखत नव्हतं हे खरंच असतं, हीच तर अडचण. दाताचं वरचं आवरण, इनॅमल, हा शरीरातला सगळ्यात टणक पदार्थ. त्याला नस नाही. त्यामुळे कीड त्यात महिनोन्‌महिने पोखरत राहिली तरी मालकाला पत्ता नसतो. हाड मोडलं तर सांधतं, कातडी फाटली तर जुळून येते. इनॅमलला खड्डा पडला की तो आपोआप भरून येत नाही. आणि खड्डा पाडणारी 'कीड' म्हणजे काही वळवळणारा किडा नव्हे. दातावरच्या चिकट थरात राहणारे जंतू आपण खाल्लेली साखर खातात आणि आम्ल सोडतात. त्या आम्लाने इनॅमलमधलं खनिज विरघळतं. लाळ हे आम्ल हळूहळू मारते आणि थोडंफार खनिज परतही आणून देते, पण त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्यात आपण दुसरा चहा घेतलेला असतो. जेवणात एकदाच दोन जिलब्या खाणाऱ्यापेक्षा दिवसभर अर्धा-अर्धा कप गोड चहा घेणाऱ्या दुकानदाराची बत्तिशी लवकर जाते, ती यामुळे.

काकांना दाढ काढूनच टाकायची होती. "एकदा काढली की कटकट मिटली." तिने एक्सरे उजेडात धरून दाखवला: मूळ शाबूत, हाड शाबूत, फक्त आतला गर गेलेला. खालची पहिली दाढ, चावण्याचं सगळ्यात जास्त काम हिच्यावर. ही काढली की मागची दाढ पुढे कलंडते, वरची खाली उतरते, आणि चार वर्षांनी वेगळंच दुखणं सुरू होतं. काका खर्चाचं विचारतात, घरी फोन लावतात, पुन्हा खर्चाचं विचारतात. मला वाटायचं, यात वेळ जातोय. तिच्या मते निम्मं काम हेच.

मग सुई. खालच्या दाढेची भूल दाढेपाशी दिली जात नाही, जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे नस हाडात शिरते तिथे दिली जाते. "ओठ जड वाटतोय का? जाड झाल्यासारखा?" काका बोटाने ओठ चाचपतात, आरशात बघतात. ओठ होता तेवढाच असतो. दाढेभोवती ती निळं पातळ रबर ताणून बसवते. त्याच्या भोकातून एकटी दाढ बाहेर येते, बाकी तोंड झाकलेलं. मग एअरोटर. त्याची कर्कश शीळ बाहेरच्या बाकापर्यंत जाते आणि तिथे बसलेली दोन माणसं "जरा भाजी घेऊन येतो" म्हणत उठतात. मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेणारं ते टोक दाताला तापवू नये म्हणून त्यातून सतत पाण्याचा फवारा येत असतो. दाढेला वरून खिडकी पडली, कुजका वास आला, आणि शीळ थांबली.

पुढचं काम आवाज न करणारं. स्पंजात खोचलेल्या बारीक फाइल्स: पांढरी पंधरा नंबर, पिवळी वीस, लाल पंचवीस, निळी तीस. नंबर म्हणजे टोकाची जाडी. लाल फाइलचं टोक पाव मिलिमीटर. दाढेच्या पुढच्या मुळात बहुधा दोन नळ्या, मागच्यात एक, आणि कधी चौथी लपलेली. फाइल आत घालून ती दोन बोटांत हलकेच फिरवते. त्या वेळी ती तोंडात बघतच नाही, समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत असते. तोंडात बघून दिसणार तरी काय? नळी कुठे अरुंद आहे, कुठे वळली, हे बोटांनाच कळतं. फाइल मुळाच्या टोकाशी पोचली की शेजारचं लहानसं यंत्र टीं टीं करतं. प्रत्येक नंबरनंतर औषधी पाण्याने नळी धुवायची. पोहण्याच्या तलावावर येतो तसा वास खोलीभर पसरतो. दोन्हीकडे क्लोरीनचंच काम. वरच्या फळीवर लवंगतेलातलं सिमेंट असतं, त्याचा वास यात मिसळला की दवाखान्याचा तो ओळखीचा वास तयार होतो. आजी लवंग धरायला सांगायची ती उगीच नव्हे. नस बधिर करणारं युजेनॉल तिच्यातच असतं. फक्त त्याने कीड थांबत नाही.

नळ्या कोरड्या झाल्या की त्यांत गट्टापर्चा भरतात, गुलाबी रंगाच्या निमुळत्या काड्या. हा मलायातल्या झाडांचा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्राच्या तळाशी तारायंत्राच्या केबली टाकल्या, तेव्हा त्यांना पाणी लागू नये म्हणून याचंच वेष्टण वापरत. पाणी आत जाऊ द्यायचं नाही, दाढेतही त्याचं काम तेवढंच. तापवलेल्या हत्याराने वरचं टोक कापलं, वर सिमेंट भरलं, आणि काकांना सांगितलं की टोपी बसवायला यायचं म्हणजे यायचंच. नस गेलेली दाढ दुखत नाही, पण ठिसूळ होते. टोपी न बसवता भाकरीचा कडक पापुद्रा चावला आणि दाढ उभी चिरली, असे पेशंट तिच्याकडे नेहमी येतात. ठणका थांबला की माणूस फिरकत नाही, त्याला ती तरी काय करणार!

दाढ काढणं त्या मानाने झटपट. वेळ जातो तो नंतरच्या सूचनांना: कापूस पाऊण तास दाबून धरा, थुंकू नका, लाळ गिळा, आज चूळ भरू नका. खड्ड्यात रक्ताची गाठ धरली पाहिजे, ती थुंकण्याने सुटते. आपल्या माणसाला 'थुंकू नका' हे पथ्य उपासापेक्षा अवघड जातं. वरची दाढ असेल तर आणखी एक प्रश्न हमखास येतो: "नजर कमी नाही ना होणार?" नाही होणार. दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी. ज्या वयात दाढा पडायला लागतात त्याच वयात चष्मा लागतो, एवढाच त्यांचा संबंध.

एक आजी सुनेबरोबर आल्या. दात हलतात, हिरड्यांतून रक्त येतं. तोंड उघडताच डॉक्टरने विचारलं, "मशेरी किती वेळा?"

"सकाळी एकदा." सुनेने मान हलवली. "बरं, दुपारी आनि रातीबी. त्याबिगर पोट साफ हुत न्हाई."

तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि बोटाने हिरड्यांवर घासत बसायचं. दात घासण्याच्या नावाखाली हे तंबाखूचं व्यसन आहे, आणि घरोघरच्या बायकांना ते व्यसन वाटतच नाही. तिने आजींचा गाल आरशाने बाजूला धरला, जिथे मशेरी धरली जाते ती जागा पुन्हा पुन्हा पाहिली, जिभेखाली पाहिलं. पांढरा चट्टा, न भरणारी जखम, असलं काही आहे का? नव्हतं. मग किटण काढायला घेतलं.

किटण सगळ्यात जास्त साठतं खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला, कारण लाळेच्या ग्रंथी जिभेखाली तिथेच उघडतात. बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा खर धरतो तसाच लाळेतलं कॅल्शियम दातावरच्या मळात बसतं आणि त्याचा दगड होतो. एकदा दगड झाला की ब्रशने निघत नाही. सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा थरथरणारं टोक तिने त्यावर धरलं, पाणी उडालं, आणि तपकिरी खडा स्टीलच्या ट्रेमध्ये टण्णकन पडला.

"अगं बाई, दात पडला माझा!"

"दात नाही आजी, किटण आहे. बघा हातात घेऊन."

साफ झाल्यावर आजींनी आरशात पाहिलं आणि तोंड पाडलं. दातांमध्ये फटी! 'मशिनने दात खिळखिळे झाले, फटी पडल्या' ही बातमी गावात पोचते ती अशी. फट किटणाने आधीच पाडलेली होती. हिरडी आणि हाड त्याने मागे सारलेलं होतं आणि स्वतः मध्ये बसून राहिलं होतं. हे तिने आजींना हातात दातांचा साचा घेऊन दोनदा समजावलं, आणि साखर तपासून घ्यायला सांगितलं. मधुमेह असला की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडलेल्या राहिल्या की साखरही आटोक्यात येत नाही.

त्यानंतर आले एक गुरुजी, दातांना गार लागतं म्हणून. तिने आत पाहिलं आणि विचारलं, "सर, तुम्ही डावखुरे का?" गुरुजी चकितच झाले. उजव्या बाजूच्या दातांच्या मुळाशी, हिरडीलगत, आडव्या खाचा पडल्या होत्या. डाव्या हाताने घासणाऱ्याचा जोर उजवीकडे जास्त पडतो. कडक ब्रश, वर मंजन, आणि करवतीसारखं आडवं घासणं. राखुंडी आणि विटकरी मंजनावर वाढलेल्या पिढीला घासल्यासारखं वाटेपर्यंत समाधान होत नाही. तिने मऊ ब्रश काढून दाखवलं: केस हिरडीकडे तिरपे धरायचे, दाताकडे उतरवायचे, आतूनही, दोन मिनिटं. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे, फ्लोराइडची. आणि रात्री. झोपेत लाळ आटते, तेव्हा दाताला राखणदार नसतो. सकाळचा ब्रश एखादे दिवशी चुकला तर चालेल, रात्रीचा नाही.

एका तरुणाची दाढ मात्र तिने बघितलीच नाही. "तीन बोटं उभी घाला तोंडात." दोनसुद्धा जाईनात. सुपारीने गालाची आतली कातडी ताठ होत जाते आणि तोंड उघडणं बंद होतं. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. पोरं सुपारीची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी घेऊन तळहातावर एकत्र करतात. तिने चिठ्ठी लिहून त्याला सोलापूरला पाठवलं. "ही कॅन्सरच्या आधीची पायरी असू शकते," हे त्याला सांगताना तिने शब्द मऊ केले नाहीत. मला ते बरं वाटलं.

तीन वर्षांच्या मुलाला खुर्चीत बसवत नाहीत. ती आणि मुलाची आई समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. मूल आईकडे तोंड करून मांडीवर, मग हळूच मागे आडवं, डोकं डॉक्टरच्या मांडीत. रडलं, आणि रडताना तोंड आपसूक उघडलं. वरचे पुढचे चारही दात काळे-तपकिरी, निम्मे झडलेले. खालचे मात्र पांढरे शुभ्र.

"रात्री बाटली तोंडात ठेवून झोपतो ना?"

"त्याशिवाय झोपतच नाही हो. पण दुधाचेच दात आहेत, पडणारच की."

खालचे वाचतात कारण चोखताना जीभ त्यांच्यावर येते आणि लाळही तिथेच असते. वरचे रात्रभर गोड दुधात राहतात. आणि दुधाचे दात पडणार हे खरं, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. त्या अवेळी गेल्या की शेजारच्या दाढा सरकून जागा खातात आणि खालून येणारा दात वाट मिळेल तिकडे फुटतो. तिने आईला बाटलीत आधी पाणी वाढवत नेऊन शेवटी नुसतं पाणी द्यायला सांगितलं. पेस्ट जास्तीत जास्त वाटाण्याएवढी, आणि घासायचं आईने, मुलाने नव्हे. सहा-सात वर्षांचं होईपर्यंत मुलाच्या हाताला ते नीट जमत नाही.

दुसरीतल्या एका मुलीच्या बाबतीत तर काढायची वेळ आली होती ती पक्की दाढ. आईला ती दुधाचीच वाटत होती, आणि यात आईचा दोष नाही. ही दाढ सहाव्या वर्षाच्या सुमाराला कुठलाही दात न पडता, दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप उगवते. कौलावर फेकायला दात हातात येत नाही, त्यामुळे घरात कुणाला कळतही नाही. वरून तिला खोल घळी असतात, त्यांत बिस्किटाचा लगदा अडकतो, आणि मूल आठ-नऊ वर्षांचं होईस्तोवर ती पोखरलेली असते. नवी असतानाच त्या घळी पातळ सिमेंटने बुजवता येतात. सुई नाही, एअरोटर नाही, थोडक्या वेळाचं काम.

तुमच्या घरात सहा-सात वर्षांचं मूल असेल तर आज रात्री मोबाइलचा टॉर्च लावून त्याच्या तोंडात बघा. पुढच्या मधल्या रेषेपासून मागे एकेका बाजूला दात मोजा. दुधाचे दात प्रत्येक बाजूला वर पाच, खाली पाच. सहावा दिसला तर तो कायमचा आहे. त्यावर काळी रेघ असेल तर याच आठवड्यात दाखवून घ्या. ती दाढ गेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही.