लढाईचा ट्रक गावच्या कामाला

लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा अशा वाटेने नांदेडला जाणारा रस्ता तुमच्यापैकी पुष्कळांच्या परिचयाचा असेल. पावसाळ्यात या रस्त्यावरून जाताना एखादा मालट्रक कडेच्या काळ्या मातीत रुतून कलंडलेला दिसतो. थोड्या वेळाने त्याला ओढून काढायला एक गाडी येते. पुढे गोलसर नाक, उंच चाके, पाठीवर लोखंडी तुळईची क्रेन आणि अंगावर पिवळा रंग. ही गाडी कोणत्याही दुकानात नवी मिळत नाही. तिचा जन्म पुष्कळदा जबलपूरच्या शस्त्रसामग्रीच्या कारखान्यात झालेला असतो, आणि निम्मे आयुष्य सैन्यात गेलेले असते.

सैन्यातून निवृत्त झालेल्या गाड्या लोकांच्या हाती येण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १९४५ साली दुसरे महायुद्ध संपले तेव्हा भारतात अमेरिकी आणि कॅनेडियन बनावटीच्या असंख्य लष्करी गाड्या उभ्या होत्या. त्या परत नेण्यापेक्षा इथेच विकणे स्वस्त होते. त्यातून ‘मिलिटरी डिस्पोजल’ हा शब्द गॅरेजवाल्यांच्या तोंडी बसला. जीप, डॉज, शेवरोलेट, फोर्ड अशा गाड्यांतून कोणी मालट्रक केला, कोणी प्रवासी बस बांधली. पुढे भारताने पश्चिम जर्मनीच्या एम.ए.एन. कंपनीशी करार केला आणि १९५९ साली जबलपूरला ‘शक्तिमान’ ट्रक तयार होऊ लागला. तेथे १९६९ साली खास वाहनांचा कारखानाच निघाला. आज ‘शक्तिमान’ बनत नाही. सैन्यात त्याची जागा ‘स्टॅलियन’सारख्या नव्या ट्रकांनी घेतली. तरी जुने ‘शक्तिमान’ अजून कोठे कोठे ओझी उचलताना दिसतात.

आता तुम्ही विचाराल, सैन्याने टाकून दिलेल्या गाडीत एवढे काय असते? त्यासाठी आपल्या काळ्या मातीकडे पाहावे लागेल. या मातीतल्या चिकणमातीच्या कणांची रचना एकावर एक ठेवलेल्या पातळ पापुद्र्यांसारखी असते. पाणी त्या पापुद्र्यांमध्ये शिरते, कण फुगतात आणि एकमेकांवरून घसरू लागतात. उन्हाळ्यात जी जमीन हातभर भेगा देते, तीच पावसाळ्यात लोण्यासारखी होते. साध्या ट्रकचे इंजिन फक्त मागची चाके फिरवते. लष्करी ट्रकमध्ये गियरपेटीच्या पुढे आणखी एक पेटी असते. तिला ट्रान्स्फर केस म्हणतात. तिच्यातून एक दांडा मागे जातो, एक पुढे, आणि चारही चाके फिरतात.

याने किती फरक पडतो ते हिशेबाने पाहू. समजा ट्रकचे वजन ८ टन आहे. त्यातले ३ टन पुढच्या चाकांवर आणि ५ टन मागच्यांवर. ओल्या मातीवर टायरची पकड वजनाच्या तीन दशांश इतकीच मिळते असे धरू. फक्त मागची चाके फिरली तर ओढण्याचा जोर मिळेल ५ × ०.३ म्हणजे दीड टन. चारही फिरली तर ८ × ०.३ म्हणजे २.४ टन. आता पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर चढणारा चढ समोर आहे. तो चढायला वजनाचा पाचवा भाग, म्हणजे सुमारे १.६ टन जोर हवा. पहिला ट्रक तिथेच चाके फिरवत उभा राहील. दुसरा वर जाईल, आणि चिखलाच्या अडथळ्यासाठी थोडा जोर त्याच्या हाती शिल्लकही राहील.

मग मोठे इंजिन बसवले तर? काही उपयोग नाही. समजा इंजिनाचा पीळ ३० किलो-मीटर आहे, म्हणजे एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला ३० किलोचा जोर. पहिला गियर तो ६ पट करतो, ट्रान्स्फर केसचा हलका गियर २ पट आणि मागच्या आसाचे दाते ६ पट. एकूण ७२ पट! अर्ध्या मीटर त्रिज्येच्या चाकाच्या कडेला हा जोर चार टनांहून अधिक भरतो. माती झेलू शकते अडीच टनांपेक्षाही कमी. चिखलात ट्रकला बळ कमी पडत नाही, पकड कमी पडते. लष्करी ट्रकची सगळी रचना या एका गोष्टीभोवती केलेली असते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी औसा तालुक्यातील किल्लारीजवळ भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांतील हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली, आणि मदतकार्य चालू असताना पावसानेही गाठले. सैन्याची पथके तेथे धावून आली होती. अशा वेळी ढिगाऱ्यांतून आणि चिखलातून चालणारे वाहन असणे आणि नसणे यांत माणसांच्या जिवाचे अंतर असते.

असा एखादा जुना ट्रक लिलावातून गॅरेजमध्ये आला की काम कोठून सुरू होते? इंजिनापासून, असे तुम्हाला वाटेल. चांगला मिस्त्री आधी चेसिसखाली शिरतो. चेसिसच्या दोन लांब तुळयांवर सगळा डोलारा उभा असतो. गंज तारेच्या ब्रशने खरवडून रिव्हेटांच्या आसपास केसासारखी चीर आहे का, हे तो पाहतो. तुळई वाकते तेव्हा तिची वरची कड दाबली जाते, खालची कड ताणली जाते आणि मधल्या भागावर ताण जवळजवळ नसतो. म्हणून क्रेन बसवताना वरच्या किंवा खालच्या कडेला भोक पाडणे हे पाप समजावे. भोक पाडायचेच तर उभ्या पट्टीच्या मध्याजवळ पाडावे. हाच नियम वेल्डिंगला. जास्त तापलेल्या जागी पोलादाचा गुण बदलतो आणि पुढे कधीतरी तेथूनच चीर सुटते.

मग ब्रेक. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीतले रबरी वायसर कडक झालेले असतात. ते सगळे बदलावे लागतात. जुन्या ब्रेकपट्ट्यांत अॅस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या नळीने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. तिचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात. आणखी एक धोका चाकांचा. काही जुन्या लष्करी चाकांची रिम दोन अर्ध्यांची, बोल्टांनी जोडलेली असते. टायरमध्ये हवा असताना चुकीचे नट सैल केले तर रिमचा अर्धा भाग तोफगोळ्यासारखा सुटतो. आधी हवा काढा, मग पाना लावा.

विजेची गंमतही समजून घेण्यासारखी आहे. मोटारगाडीत १२ व्होल्ट असतात, या ट्रकमध्ये २४. व्होल्ट दुप्पट केले की तेवढ्याच कामाला निम्मा प्रवाह पुरतो आणि तारेत उष्णतेने वाया जाणारी शक्ती चौथाईवर येते. पण कोणी घाईत मोटारीचा १२ व्होल्टचा दिवा याला लावला तर? त्यातून दुप्पट प्रवाह जाऊ पाहतो, म्हणजे चौपट शक्ती. दिवा एकदा लख्ख पेटतो आणि संपतो.

मागच्या आसाच्या मधला फुगीर गोळा पांढरा रंगवलेला असतो, हे कधी पाहिले आहे का? युद्धकाळी रात्री सगळे दिवे बंद करून ताफा चालतो. त्या वेळी त्या पांढऱ्या गोळ्यावर वरून एक बारीक दिवा सोडलेला असतो. मागच्या चालकाला तेवढाच ठिपका दिसतो, आकाशातल्या वैमानिकाला काहीच दिसत नाही.

आता क्रेन. येथे पदार्थविज्ञान माणसाची परीक्षाच घेते. आपला ट्रक रिकामा ७ टनांचा, दोन आसांतील अंतर ४ मीटर आणि गुरुत्वमध्य बरोबर मधोमध, असे समजू. पुढच्या चाकांवर साडेतीन टन भार आहे. आता मागच्या आसाच्या मागे ३ मीटरवर ३ टनांचे ओझे टांगले. मागचा आस हा आपला तरफेचा टेकू. ट्रकचे वजन पुढे खाली दाबते: ७ × २ = १४ टन-मीटर. ओझे उलट दिशेने उचलते: ३ × ३ = ९. उरले ५. त्याला ४ ने भागा. पुढच्या चाकांवर आता केवळ सव्वा टन भार राहिला! ट्रक उलटणार नाही, पण सुकाणू हलके होईल. चालक वळवील आणि पुढची चाके सरळच जातील. म्हणून पुढच्या बंपरवर लोखंडाचे ओझे बसवतात. पुढच्या आसाच्या एक मीटर पुढे एक टन ठेवला तर तो ५ टन-मीटरची भर घालतो आणि पुढचा भार अडीच टनांवर येतो.

बाजूने उचलणे याहून अवघड. हा हिशेब बंपरवरचे ओझे सोडून करू. ट्रकच्या मध्यापासून चाक जेमतेम एक मीटर दूर. मध्यापासून ३ मीटरवर टांगलेले ओझे चाकाच्या २ मीटर बाहेर पडते. ७ × १ भागिले २, म्हणजे साडेतीन टनांवर ट्रक कलंडू लागेल. आता बाजूचे लोखंडी पाय अर्धाच मीटर बाहेर काढून जमिनीला टेकवा. टेकू मध्यापासून दीड मीटरवर गेला, ओझेही त्याच्यापासून दीडच मीटर राहिले. ७ × १.५ भागिले १.५, म्हणजे ७ टन. अर्ध्या मीटरने दुप्पट! अर्थात हे आकडे कलंडण्याच्या क्षणाचे आहेत. शहाणा चालक त्यांच्या जवळपासही जात नाही.

आणि हे पाय काळ्या मातीवर टेकलेले असतील तर? ओझे उचलताना एका पायावर साडेचार टन आले आणि पायाचा तळ ३० × ३० सेंटिमीटरचा असला, तर दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाब पडतो. ओली माती तो झेलणार नाही. पाय खचला की ट्रक झुकतो, झुकला की ओझे आणखी बाहेर जाते आणि कलंडणे वाढतच जाते. म्हणून पायाखाली जाड लाकडी फळ्या घालतात. त्यांची बैठक १०० × ६० सेंटिमीटर झाली की तोच दाब पाऊण किलोवर उतरतो. क्रेनवाला फळ्या काढायचा कंटाळा करू लागला तर तुम्ही लांब उभे राहा.

राहिले कागद. सैन्यात असताना या ट्रकला आपल्यासारखा नंबर नसतो. पाटीवर वर टोक केलेला बाण, त्यापुढे दोन आकडे, एक अक्षर आणि मग क्रमांक. ते दोन आकडे गाडी सैन्यात कोणत्या वर्षी आली ते सांगतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ६० व्या कलमाप्रमाणे संरक्षणाच्या कामातील गाडीची नोंदणी स्वतंत्रपणे होते. गाडी सरकारच्या मालकीची राहिली नाही की ही सवलत संपते आणि नव्या मालकाला ती साध्या गाडीसारखी नोंदवावी लागते: लातूरला एमएच २४, नांदेडला एमएच २६. त्यासाठी लष्करी खात्याने दिलेले मूळ विक्रीपत्र हवे. नमुना २१ म्हणतात तो हाच. परिवहन अधिकारी चेसिसवर कोरलेला क्रमांक कागदाशी ताडून पाहतात. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसा फाइलला लावतात. विक्रीपत्रावरचा क्रमांक आणि हा ठसा जुळला नाही, तर कितीही सुंदर दुरुस्त केलेला ट्रक भंगारच.

कायद्याचे ५२ वे कलम सांगते की नोंदणीपुस्तकातल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत मनाने करू नये. काहींना हा जाच वाटतो. पण वरचा हिशेब आठवा: क्रेन बसवली की पुढच्या चाकांवरचा भार, गुरुत्वमध्याची उंची आणि ब्रेकवरचा ताण, सारेच बदलते. नोंदणीपुस्तकातील वजनाचे आकडे म्हणजे याच गोष्टींची नोंद. क्रेन हवी तर आधी मंजुरी, मग वेल्डिंग.

आज हा मार्ग पूर्वीपेक्षा बराच अरुंद झाला आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही. ती अधिकृत केंद्रात मोडायची असतात. सैन्याच्या खास कामाच्या गाड्यांना यातून सूट आहे. जुन्या इंजिनांचा धूर पाहता हे चुकीचे म्हणता येणार नाही. ज्यांना जुनी गाडी केवळ जपायची आहे त्यांच्यासाठी २०२१ साली वेगळे नियम झाले: खासगी वापराची, पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर मिळतो. महायुद्धातली जीप त्यात बसू शकते. पाठीवर क्रेन चढवलेला ट्रक मात्र बसत नाही.

आणि तो पिवळा रंग? सैन्याखेरीज कोणाच्याही गाडीला ऑलिव्ह हिरवा रंग देण्यास नियमानेच मनाई आहे, त्यामुळे सैन्यातून आलेल्या गाडीला नवा रंग द्यावाच लागतो. पण रंगारी सगळीकडे पोचत नाही. अशा क्रेनचे बॉनेट उघडे असेल तर आतल्या कोपऱ्यात डोकावून पाहा. बिजागरीच्या मागे जुना हिरवा रंग बहुधा सापडेल.