आज्ञावलीतील संक्षेप आणि सुबोधता

संगणकाच्या आज्ञावलीला दोन वाचक असतात : एक यंत्र आणि दुसरा मनुष्य. रचना आखूड आहे की लांब, चलांची नावे अर्थपूर्ण आहेत की एकाक्षरी, याचे यंत्रास सोयरसुतक नसते. मनुष्याचे आकलन मात्र या गोष्टींवरच अवलंबून असते. सरावाच्या उदाहरणांत उत्तर बरोबर आले की पूर्ण गुण, अशी कसोटी लावली गेल्यास दहा ओळींचे काम दोन ओळींत करणे हेच नैपुण्य, असा समज सहज दृढ होतो. तो कितपत ग्राह्य आहे याचा विचार येथे कर्तव्य आहे.

संक्षेपाच्या आग्रहाला एके काळी भक्कम कारण होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण झालेल्या ‘टिफ्रॅक’ संगणकाची मुख्य स्मृती ४० द्विमान अंकांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या मापाने सुमारे १० किलोबाइट होती. तेथे वाचलेली प्रत्येक आज्ञा मोलाची होती. आज स्मृती स्वस्त झाली असून आज्ञावली समजून घेणाऱ्याचा वेळ महाग झाला आहे. शिवाय ओळी घटल्या म्हणजे यंत्राचे श्रम घटतातच असेही नाही.

अतिचातुर्याचा धोका एका परिचित उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘अ’ आणि ‘ब’ या स्थानांतील संख्यांची अदलाबदल तिसऱ्या, तात्पुरत्या स्थानाच्या साहाय्याने सरळ होते. चतुर रीत ते स्थान वाचविते : ‘अ’मध्ये दोहोंची बेरीज ठेवावी, त्यातून ‘ब’ वजा करून बाकी ‘ब’मध्ये ठेवावी, पुन्हा ‘अ’मधून नवा ‘ब’ वजा करून बाकी ‘अ’मध्ये ठेवावी. ७ आणि ४ घेतल्यास ११, ७, ४ अशा क्रमाने अदलाबदल साधते. आता हीच रीत चढत्या क्रमाने मांडणी करताना वापरली, आणि प्रत्येक फेरीत लहानात लहान संख्या आरंभी नेली, असे समजू. ५, ८, ३ ही यादी दोन फेऱ्यांत बिनचूक लागते. परंतु ३, ८, ५ या यादीत लहानात लहान संख्या मुळातच आरंभी असल्याने ‘अ’ आणि ‘ब’ हे एकच स्थान ठरते. तेथे ३ चे ६ होतात, ६ मधून ६ जाऊन शून्य उरते, आणि ३ ही संख्या कायमची नाहीशी होते. एका चाचणीत उत्तीर्ण झालेली आज्ञावली दुसरीत अशी फसते.

तथापि लांबी म्हणजे सुबोधता नव्हे. लीप वर्षाची परीक्षा एकात एक गुंतलेल्या चार अटींनी करता येते. ‘वर्षास ४०० ने भाग जातो, किंवा ४ ने जातो पण १०० ने जात नाही’ अशा एकाच वाक्यानेही होते. त्यानुसार २००० हे लीप वर्ष ठरते, १९०० ठरत नाही. येथे आखूड रचनाच अधिक स्पष्ट आहे, कारण ती मूळ नियमाच्याच आकाराची आहे.

आपल्या परंपरेला हा प्रश्न नवा नाही. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये रचलेल्या ‘लीलावती’तील रीती पाठांतरास सोयीच्या, पद्यबद्ध व आटोपशीर आहेत. त्यांचा उलगडा करण्यासाठी गणेश दैवज्ञांनी शके १४६७ मध्ये ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. सूत्र थोडके असले तर टीका अपरिहार्य होते. आज्ञावलीतील टीपा हे टीकेचेच रूप होय. पण यंत्र त्या तपासत नाही. आज्ञा बदलली आणि टीप तशीच राहिली, तर ती वाचकास चकविते. म्हणून ‘काय केले’ हे रचनेनेच सांगावे आणि ‘का केले’ हे टिपेने.

बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीसारख्या तालुक्याच्या ठिकाणीही आता अभियांत्रिकीचे शिक्षण मिळते. घरी मराठी बोलणाऱ्या विद्यार्थ्यास सुबोध नाव देणे विशेष उपकारक ठरेल. पायथॉन भाषेच्या २००८ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून चलांना देवनागरी नावेही देता येतात. ‘क्ष’ऐवजी ‘एकूण_पाऊस’ लिहिल्याने यंत्राचे काही बिघडत नाही.

सारांश, सरावाचे उदाहरण प्रथम सरळ लिहावे, सीमेवरच्या उदाहरणांनी तपासावे, आणि मगच पुनरुक्ती काढून आटोपशीर करावे. सहाध्यायाने ते लेखकास न विचारता समजून घेतले व त्यात एक बदल बिनचूक केला, तर संक्षेप योग्य मर्यादेत राहिला असे मानावे. गुणदानातही या कसोटीस स्थान मिळणे इष्ट आहे.