दिवंगतांचे खाजगी बोल

मे २०१८ मध्ये चेन्नईत एक ध्वनिमुद्रण जाहीर झाले. तमिळनाडूच्या माजी मुख्यमंत्री जयललिता रुग्णशय्येवरून आपल्याला होणारा श्वासाचा त्रास डॉक्टरांना सांगत होत्या. ५ डिसेंबर २०१६ रोजी त्यांचे निधन झाले होते. त्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या न्या. आरुमुगस्वामी आयोगाने ते मुद्रण प्रसृत केले. दिवंगताचे खाजगी बोलणे असे चव्हाट्यावर आणावे काय?

कायदा येथे फारसा आडवा येत नाही. जयललितांच्या जीवनावरील चित्रपटाविरुद्ध त्यांच्या भाचीने केलेले अपील मद्रास उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये फेटाळले. खाजगीपणाचा हक्क माणसाबरोबरच संपतो. मालमत्तेसारखा तो वारसांकडे जात नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. आप्तांची मने दुखावण्याच्या हेतूने केलेली मृताची बदनामी मात्र गुन्हा ठरू शकते.

नीतीचा प्रश्न याहून अवघड आहे. ‘मी ते थट्टेने म्हणालो होतो’, असा खुलासा जिवंत माणूस करू शकतो. मृताला ती सोय नाही. म्हणून सांगणाऱ्याने आधी स्वतःला विचारावे: हे बोल मी स्वतः ऐकले, की ते ऐकीव आहेत? त्यांनी लोकांच्या एखाद्या रास्त शंकेचे निरसन होते, की केवळ कुतूहल शमते? जयललितांच्या आजाराविषयी लोकांत शंका होती आणि पुरावा त्यांचाच आवाज होता. तेथे प्रसिद्धीला कारण होते. जेवणाच्या पंगतीत सहकाऱ्याची केलेली टवाळी सांगण्यास तसे कारण नसते. विश्वासाने बोललेला शब्द ही ठेव आहे. ठेवणारा गेला म्हणून ती आपली होत नाही.