कोठार भरलेले, रक्त उपाशी

टंचाई म्हणजे नेहमी मालच संपलेला असतो असे नाही. कित्येकदा कोठार भरलेले असते, पण माल बाहेर निघण्याची वाट बंद असते. शरीरातील लोहाचेही क्वचित असेच होते.

प्रौढ माणसाच्या अंगात सारे मिळून ३ ते ४ ग्रॅम लोह असते. जुन्या रक्तपेशींतून ते काढून नव्या पेशींसाठी पुन्हा वापरले जाते. जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची खास सोय शरीरात नाही. पेशीतून निघालेले लोह रक्तातील वाहकाच्या हवाली करण्यापूर्वी त्याचे रूप पालटावे लागते. हे काम सेरुलोप्लाझ्मिन नावाचे तांबेयुक्त प्रथिन करते. गोदामाच्या दारावर गेटपास देणारा कारकूनच म्हणा ना! आई आणि बाप या दोघांकडूनही सदोष जनुक आले, तर हा कारकून कामावर नसतो. मामा-आत्याच्या मुलांची लग्ने जेथे होतात, तेथे असा योग येण्याचा संभव वाढतो. मग यकृत, स्वादुपिंड आणि मेंदू यांत लोह साचते, आणि रक्तात मात्र तुटवडा पडतो. १९८७ साली जपानमध्ये प्रथम वर्णिलेल्या या रोगास असेरुलोप्लाझ्मिनीमिया म्हणतात. त्याच्या मुळाशी असलेला जनुकातील दोष १९९५ साली सापडला.

मेंदूत साचलेल्या लोहामुळे अशी दाहक द्रव्ये निर्माण होतात की, पेशींची स्निग्ध आवरणे नासतात. हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागांना विशेष इजा पोहोचते. पंडुरोग आणि मधुमेह बहुधा आधी दिसतात. पुढे, पुष्कळदा चाळिशी-पन्नाशीत, तोल जातो, जीभ अडखळते, पापण्या आपोआप मिटतात, स्मरण ढळते.

अशा माणसावर दोन अन्याय होऊ शकतात. पंडुरोग दिसला म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, म्हणजे भरल्या कोठारात आणखी पोती! आणि चाल झोकांडते म्हणून त्याला दारुडा ठरविले जाते.

हा रोग अत्यंत दुर्मिळ आहे. आपल्याकडे पंडुरोगात लोहाची खरीच कमतरता बहुधा असते, तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या कोणी मनाने सोडू नयेत. परंतु गोळ्यांनी गुण येत नसेल, रक्तातील लोह कमी आणि साठा दाखविणारे फेरिटिन मात्र चढे निघत असेल, तर सेरुलोप्लाझ्मिन तपासावे काय, असे डॉक्टरांस अवश्य विचारावे. रोग ठरल्यास भावंडांचीही तपासणी व्हावी. लोह बांधून बाहेर काढणारी औषधे आहेत. त्यांनी यकृतातील साठा उतरतो, पण मेंदूची झालेली हानी सहसा भरून येत नाही. म्हणून येथे वेळेला किंमत आहे.

झोकांडणाऱ्या कामगाराच्या हाती आरोपपत्र देण्यापूर्वी त्याच्या रक्ताचा अहवाल वाचला जावा, एवढी मागणी न्यायाचीच नव्हे काय?