विमान क्षेत्रातील पदव्युत्तर पदवी : फी भरण्यापूर्वी

ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. या क्षेत्राकडे पदवीधर तरुणांचा ओढा वाढणे साहजिक आहे. परंतु वडिलांची शिल्लक फीमध्ये घालण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : पदवी वेगळी, परवाना वेगळा.

वैमानिकाचा व्यावसायिक परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. त्यासाठी भौतिकशास्त्र व गणितासह बारावी, वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि २०० तासांचे उड्डाण लागते. विमान दुरुस्ती अभियंत्याचा परवानाही तेथूनच मिळतो. एम. बी. ए. केल्याने यांपैकी काहीच हाती येत नाही.

मग एम. बी. ए. कोणी करावे? विमानतळाचे कामकाज, मालवाहतूक किंवा विमान कंपनीचे नियोजन यांत ज्यांना रस आहे, त्यांनी. विमानाची रचना शिकायची असेल, तर इंजिनिअरांना मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये एम. टेक. करता येते, त्यासाठी गेट परीक्षा द्यावी. हवाई वाहतूक नियंत्रक व्हायचे असल्यास भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या भरतीला भौतिकशास्त्र-गणितासह बी. एस्सी. किंवा इंजिनिअरिंगची पदवी चालते. पुढची दोन वर्षे व पैसा दोन्ही वाचतात.

संस्था निवडताना पदवी देणाऱ्या विद्यापीठास विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का, ते पाहावे. प्रत्यक्ष काम कोठे शिकवतात, गेल्या वर्षीची मुले कोणत्या पदावर लागली, हे त्या मुलांनाच विचारावे. प्रवासी काउंटरवरची नोकरी साध्या पदवीवरही मिळते. ‘शंभर टक्के नोकरी’ अशा जाहिरातीवर विसंबू नये.

आधी काम ठरवा, पदवी नंतर निवडा.